टाटा-कमिन्स ५.९ : चाळीस टन ओढायला नीट बांधलेलं इंजिन

टाटाचा ट्रेलर ओढणारा ट्रक, जुनी ४०१८, घेऊन या धंद्यात उतरणारा जो तो पहिलं हेच विचारतो, इंजिन किती साथ देईल? नीट बांधलं तर हे ५.९ लिटरचं कमिन्स वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. घाईत बांधलं तर पुन्हापुन्हा खिसा रिकामा करतं. माझी गाडी डोलवीहून चाकणला पत्र्याच्या कॉइली नेते, म्हणजे भरल्या गाडीने बोरघाट चढणं आलंच. त्या चढावर जे दिसलं ते लिहितोय.

४०१८ म्हणजे एकूण वजन चाळीस टन आणि ताकद १८० अश्वशक्ती. आजच्या ३०० अश्वशक्तीच्या ५५३० पुढे आकडा लहान वाटेल, पण खरी ताकद बांधणीत आहे. सहा सिलिंडर एका ओळीत, बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास १०२ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव १२०, क्रँक सात मेन बेअरिंगांवर बसलेली, व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट सरळ गियरवर. तुटायला टायमिंग बेल्टच नाही. अमेरिकेत १९८९ पासून डॉज रॅम पिकअपला याच जातीचं इंजिन मिळायला लागलं आणि तिकडचे शेतकरी त्याच्यावर गुरांचे, घोड्यांचे ट्रेलर ओढू लागले. आपल्याकडे टाटा आणि कमिन्स १९९३ मध्ये एकत्र आले, जमशेदपूरला कारखाना निघाला. त्यामुळे मिस्त्री आणि पार्ट दोन्ही आजही गावोगाव मिळतात.

आता बोअरचं. काही इंजिनांत लायनर ओले असतात, म्हणजे ब्लॉकमध्ये सुटे बसणारे, बाहेरून पाणी खेळणारे नळे. जुने उपसले, नवे बसवले, काम झालं. ५.९ मध्ये पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. बोअर खाल्ला असेल तर ब्लॉक गाडीतून उतरवून बोरिंगवाल्याकडे न्यावाच लागतो, मग अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घाला नाहीतर बोअरमध्ये नवी नळी, म्हणजे स्लीव्ह मारा. गाडीच्या आधीच्या मालकाला एका गॅरेजने नुसत्या पिस्टनच्या रिंगा घालून, बोअरला होनिंगचा, म्हणजे घासणीचा हात फिरवून गाडी दिली होती. माझ्याकडे आली तेव्हा इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून भकाभका धूर आणि डिपस्टिकवर ऑइल सतत खाली.

कळंबोलीच्या ज्या मिस्त्रीने इंजिन पुन्हा बांधलं, त्याने आधी ब्लॉक धुऊन घेतला. मग बोअर मोजायचा डायल गेज प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली असा उतरवला. प्रत्येक ठिकाणी आधी क्रँकच्या रेषेत, मग आडवा. आकडे खडूने ब्लॉकच्या अंगावरच लिहिले. वरच्या रिंगेच्या जागी बोअर अंड्यासारखा झालेला आकड्यांतच दिसत होता. बोरिंग होऊन ब्लॉक परत आल्यावर रिंग एकटी बोअरमध्ये सोडली, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकलली आणि रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून पाहिलं. सहाही सिलिंडर, प्रत्येक रिंग. असं काम करणाऱ्याने मजुरी जास्त मागितली तर द्यावी.

टायमिंग कव्हर उघडलं की आतली डॉवेल पिन बघायलाच सांगा. गियर हाउसिंगमधली ही छोटी लोखंडी पिन धक्क्यांनी सैल होऊन गियरांमध्ये पडू शकते. अमेरिकेतले लोक तिला किलर डॉवेल पिनच म्हणतात. तिच्यावर पत्र्याची पट्टी बोल्टाखाली दाबून बसवायला कितीसा खर्च येतो? पण ती पडली तर गियर केस फुटते. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट थंड इंजिनवर लावायची, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर. गेज लावूनच, अंदाजाने नाही.

इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाबद्दल मी हट्टी आहे. हा पंप दुरुस्त करणारा हमखास म्हणतो, "शेठ, थोडं डिझेल वाढवून देतो, पिकप बघा." नको म्हणा. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, तर काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतो आणि घाटात पिस्टनचा माथा भाजून निघतो. पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर कंपनीच्या आकड्यावर लावून घ्या, त्यापुढे एक काटाही नको. टर्बोच्या अलीकडे मी तापमानाचं मीटर बसवून घेतलंय. चढावर काटा साडेसहाशे अंशांकडे सरकला की मी गियर उतरवतो. खोपोलीहून वर डाव्या लेनमध्ये रांगत जावं लागतं, पण गाडी गरम होऊन उभी राहत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकणारे मिस्त्री खूप आहेत. त्यांना हात लावू देऊ नका. थंड चाललेलं इंजिन बोअर लवकर खातं. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी नको, कूलंटच हवं. आणि नव्या रिंगांना तासनतास आयडलवर ठेवू नका, त्या लोडवरच बसतात.

खर्च पार्ट, बोरिंग आणि मजुरी धरून पावणेदोन लाखांच्या घरात गेला. क्रँक ग्राइंड करावी लागली असती तर आणखी वाढला असता. एक खोट मात्र आहेच : बोअर गेला तर रस्त्यावर दुरुस्ती नाही, धंदा तेवढे दिवस बंद. ज्याची एकच गाडी आहे त्याने हे धरून चालावं.

जुनी ४०१८ बघायला जाल तेव्हा मालकाने आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन बघू नका. सकाळी थंड चालू करायला लावा, मग एक फेरी मारून ऑइलचं झाकण सैल करा. झाकण थडथड उडत असेल आणि धुराचा झोत येत असेल, तर गाडीच्या किमतीतून बोरिंगचे पैसे वजा करूनच बोला.