जास्वंद मिटायच्या आत: जलरंग, ग्वाश, तैलरंग की रंगीत पेन्सिली?

आमच्या गच्चीतली लाल जास्वंद सकाळी आठपर्यंत पुरती उघडते आणि संध्याकाळी पाचला पाकळ्या आवळायला लागते. हिशेबाने नऊ तास. त्यातून डबे, दूधवाला, पाण्याची वेळ आणि दारावरची बेल वजा केली की चित्राला दीड तास उरतो. म्हणून ‘बागेतली फुलं समोर ठेवून रंगवायचीत, कोणते रंग घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुंड्यांत काय लावलंय?

कारण प्रत्येक फुलाचं घड्याळ वेगळं. जास्वंद आणि गोकर्ण एका दिवसाची. गुलबक्षी दुपारी चारच्या पुढे उघडते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटते. प्राजक्त उजाडायच्या आत जमिनीवर, आणि वेचून ताटलीत ठेवला तरी बघता बघता मलूल होतो. मोगरा दुसऱ्या दिवशी कडेने तपकिरी. तेरड्याला तर म्हणीनेच तीन दिवस ठरवून दिलेत. शेवंती, झेंडू, अबोली ही सवडीची मंडळी. शेवंती पाण्यात ठेवली तर आठवडा सहज काढते.

जलरंग

एका दिवसाच्या फुलाला माझं मत जलरंगाला. ते झटपट होतात हे खरंच, पण जास्वंदीची पाकळी मुळातच जलरंगासारखी असते: पातळ, मागून उजेड आला की पेटणारी. पारदर्शक लालाखालून कागदाचा पांढरेपणा जे काम करतो, ते जाड रंगाला जमत नाही.

बहुतेक जण आधी पेन्सिलीने आकार काढत बसतात आणि तासभर त्यातच घालवतात. मी आधी रंग जुळवते. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्यायची आणि तिच्यावर ठिपके द्यायचे: उन्हातली पाकळी, सावलीतली पाकळी, तळाशी असलेला गडद डाग, केसरांवरचे पिवळे दाणे, खालची हिरवी वाटी. ठिपका वाळला की पट्टी थेट पाकळीला टेकवून बघायची, ओली असताना नाही, कारण जलरंग वाळल्यावर फिका पडतो. वीस मिनिटं लागतात. मग एकच पाकळी शिरांसकट पूर्ण करायची आणि उरलेल्या चारांची नुसती कडा घ्यायची. उद्या त्याच झाडावर तशीच पाच पाकळ्यांची नवी जास्वंद येणार आहे, तेव्हा आकार उद्याही मिळेल. रंग मात्र आजच्या आजच निसटत असतो. मिटता मिटता त्या लालात जांभळट झाक येते.

ही युक्ती काही माझी नव्हे. फर्डिनांड बाउअर हा चित्रकार १८०१ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स या ब्रिटिश दर्यावर्दीच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला निघाला. तिथे त्याने झाडाफुलांची पेन्सिलचित्रं काढली आणि रंगांऐवजी त्यांवर बारीक आकडे टाकले. प्रत्येक छटेला एक आकडा. रंग भरले ते बरेचसे पुढे इंग्लंडला परतल्यावर. आपल्याकडे, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेतली झाडं बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमारास रंगवून घेतली. ती पावणेदोनशेच्या आसपास चित्रं आज एडिंबरच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. रंगवणारा इंडो-पोर्तुगीज होता एवढं सांगतात. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. झाडांची लॅटिन नावं मात्र कुठेच चुकली नसतील!

जलरंगाची दुखणी दोन. पहिलं हवामान. मे महिन्यात अकराच्या उन्हात रंग ब्रशवरच वाळतो. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले तर जरा दम धरतो. जुलैत उलट, एक थर वाळायला अर्धा तास, आणि कपाटात दमट झालेला कागद मधूनच टिपकागदासारखा रंग पिऊन डाग पाडतो. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घ्या आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. ड्रॉइंगच्या वहीवर फूल रंगवायला घेणं म्हणजे फुलाचाही वेळ वाया आणि आपलाही.

दुसरं दुखणं नंतर कळतं. मी एकदा कण्हेरीसाठी तो झगझगीत ‘ऑपेरा’ गुलाबी वापरला. कण्हेर हुबेहूब आली, फ्रेम केली, पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली. दुसऱ्या दिवाळीला घर झाडताना पाहिलं तर पानं हिरवीगार आणि फुलं जवळपास पांढरी. चूक माझीच. त्या गुलाबीची झळाळी चमकत्या डायची असते आणि तो डाय उजेडात टिकत नाही. जुना अलिझरिन क्रिमसन हा गडद लालही असाच उडतो. ट्यूबवर पीव्ही १९ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला क्विनाक्रिडोन गुलाबी घ्या. झगमगाट थोडा कमी, पण भिंतीवर टिकतो. फूल वाचवायला बसायचं आणि रंगच तेरड्याचे घ्यायचे, याला काय म्हणावं?

ग्वाश

ग्वाश म्हणजे अपारदर्शक जलरंग. बागेत पांढरी फुलं जास्त असतील, म्हणजे अनंत, मोगरा, तगर, तर आधी हाच बघा. जलरंगात पांढरं फूल म्हणजे कागद कोरा सोडून भोवतीची पानं रंगवायची, आणि हात एकदा चुकला की संपलं. ग्वाशमध्ये गडद पानांवर शेवटी पांढरी पाकळी ठेवता येते आणि बिघडली तर तिच्यावर दुसरी.

पण रंग जुळवताना तो फसवतो. फिक्या छटा वाळून गडद होतात, गडद छटा फिक्या होतात. पट्टी इथे जलरंगापेक्षाही जास्त लागते. आणि जास्वंदीवर ग्वाश चढवला की पाकळी गिलावा केल्यासारखी दिसते, मला तरी. सरावाला पोस्टर कलर चालतील, पण जाड थर दिला तर तडकतात.

तैलरंग

तैलरंगाची खरी सोय अशी की ते दिवसभर ओले राहतात. सकाळी लावलेली कडा दुपारी बोटाने मऊ करता येते. लहान बोर्ड, सहा बाय आठ इंच, एका बैठकीत संपवायचा असेल तर जास्वंदसुद्धा जमते. पण थरांवर थर देत बसायचं असेल तर फूल दगा देणार हे धरून चाला. डच चित्रकार यान व्हान हाउसम याने १७४२ मध्ये एका ग्राहकाला कळवलं होतं, की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं एक फुलदाणीचं चित्र आहे, त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन्ही सालं आहेत. तेवढा धीर आणि तेवढी बाग असेल तर घ्या.

फ्लॅटमध्ये रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास दोन दिवस जात नाही. आणि पावसाळ्यात ओल्या चित्रावर चिलटं येऊन बसतात ती कायमची. ॲक्रिलिकबद्दल विचाराल तर आपल्या उन्हाळ्यात ते इतके भरभर वाळतात की मऊ कडा हाती लागत नाहीत. फुलांसाठी मी ते सोडून दिले.

रंगीत पेन्सिली

नवशिक्याला त्या सोप्या वाटतात. सोप्या आहेतच, पण हळू. एका शेवंतीला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि शेवंतीने त्या दिल्या म्हणून. गोकर्णाची निळाई पेन्सिलीने थरथराने चढवेपर्यंत फुलाची गुंडाळी झालेली असते. मोबाइलवर फोटो काढून पुढे चालू ठेवीन म्हणाल, तर आकारापुरता ठीक. लाल जास्वंदीचा फोटो बहुधा सपाट लाल डाग येतो, शिरा गायब, आणि गोकर्णाचा निळा-जांभळा कॅमेऱ्यात भलताच होतो.

एकच खरेदी करायची असेल तर बारा जलरंगांचा छोटा संच आणि जोडीला पांढऱ्या ग्वाशची एक ट्यूब. घरात लहान मुलं असतील आणि पाण्याचा पेला टेबलावर टिकत नसेल, तर पेन्सिली आणि शेवंतीची कुंडी.

ती पांढरी ट्यूब सगळ्यात जास्त लागते ती ब्रह्मकमळाला. मार्गारेट मी या ब्रिटिश चित्रकर्तीने १९८८ मध्ये, ऐंशीला टेकलेली असताना, ॲमेझॉनच्या पुरात बुडालेल्या जंगलात बोटीतून असंच एका रात्रीत उमलून संपणारं निवडुंगाचं फूल समोर बघून काढलं. तिचं आवडतं माध्यमही ग्वाशच. आमच्याकडे बोट नाही, पण शेजारच्या दोन आजी, त्यांच्या सुना, आरतीचं ताट आणि प्रत्येकीचा मोबाइल, एवढ्यांतून वाट काढत रंगवावं लागतं. गेल्या वर्षी पाकळ्या झाल्या आणि देठ राहिला.

यंदाची कळी आठ दिवस खाली लोंबत होती, ती कालपासून वर वळलीय. म्हणजे आज किंवा उद्या रात्री. करडा कागद बोर्डला चिकटवून ठेवलाय, आणि या वेळी देठ दुपारीच काढून घेणार आहे.