एक्सटी-आयडीई कार्ड: वेगाची अडचण सुटते, फॉरमॅटची मर्यादा डॉसच ठरवते

आयबीएमचा पीसी एक्सटी 1983 साली 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला. त्याच घडणीच्या माझ्या 4.77 मेगाहर्ट्झच्या 8088 प्रोसेसरच्या यंत्रातली एमएफएम (त्या काळच्या पद्धतीची) हार्ड डिस्क बंद पडल्यावर तिच्या जागी मी एक्सटी-आयडीई हे आयडीई या नंतरच्या पद्धतीची डिस्क जोडू देणारे, आयएसए खाचेत बसणारे आठ बिटांचे कार्ड आणि डिस्क म्हणून 4 गिगाबाइटचे कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड बसवले. जुने यंत्र रोज वापरायचे असेल, तर यापेक्षा चांगला खर्च मला सुचत नाही.

एमएफएम डिस्क मिनिटाला 3600 फेऱ्या घेते आणि तिच्या प्रत्येक ट्रॅकवर (वर्तुळाकार पट्ट्यावर) 512 बाइटांचे 17 सेक्टर (तुकडे) असतात. सलग वाचता आले, तर सेकंदाला सुमारे 5 लाख 22 हजार बाइट मिळायला हवेत. परंतु एक सेक्टर यंत्राच्या हवाली करेपर्यंत पुढचा सेक्टर हेडखालून निघून जाई, म्हणून लो-लेव्हल फॉरमॅट करतानाच (डिस्कवर सेक्टर आखतानाच) सेक्टरांचे क्रमांक अंतर सोडून लिहावे लागत. 6:1 इंटरलीव्हमध्ये, म्हणजे पुढचा क्रमांक सहाव्या जागी लिहिल्यावर, एका ट्रॅकला सहा फेऱ्या लागतात आणि वेग 87 हजार बाइटांवर उतरतो. अंतर गरजेपेक्षा कमी ठेवले, तर प्रत्येक सेक्टरसाठी पूर्ण फेरीहून अधिक खोळंबा होतो. डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या डीबग या साधनात ‘जी=सी800:5’ टाइप करून फॉरमॅट सुरू करायचा आणि डिस्कच्या झाकणावर चिकटवलेल्या यादीतले खराब ट्रॅक एकेक करून भरायचे, हे काम मी अनेकदा केले आहे. या कार्डामुळे ते संपले.

आता वेग अडतो तो प्रोसेसरपाशी. आयडीईची माहिती सोळा बिटांची आणि बस आठ बिटांची, त्यामुळे कार्ड वरचा बाइट लॅचमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) धरून ठेवते. पहिल्या आराखड्यात त्या बाइटचे पोर्ट (वाचण्याचा पत्ता) खालच्या बाइटच्या पोर्टपासून दूर होते. नंतर ए0 आणि ए3 या ॲड्रेस लाइनींची अदलाबदल झाली, दोन्ही पोर्ट शेजारी आले आणि एकाच सूचनेत दोन्ही बाइट वाचता येऊ लागले. विकत घेताना कार्डात ही सोय आहे का, हे अवश्य पाहावे आणि कार्डावरच्या बायोसमधली (डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्राममधली) निवड त्याच्याशी जुळवावी.

कार्डावरचा एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस मुक्तस्रोत आहे. 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टर यांतून येणारी 528 मेगाबाइटची जुनी वेस तो पत्त्यांचे रूपांतर करून ओलांडतो. तरीही डॉस 3.3 मध्ये एक पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) 32 मेगाबाइटपलीकडे जात नाही आणि डॉस 6.22 मध्ये 2 गिगाबाइटपलीकडे. पूर्ण 2 गिगाबाइट घेतल्यास क्लस्टर (फाइलला मिळणारा जागेचा किमान तुकडा) 32 किलोबाइटचा होतो, म्हणजे चार ओळींची बॅच फाइलही तेवढीच जागा अडवते. मी 500 मेगाबाइटची पार्टिशने केली. तिथे क्लस्टर 8 किलोबाइटचा राहतो. यंत्र सुरू केल्यावर पहिल्या ‘डीआयआर’ या आज्ञेला फायलींची यादी लगेच येते, पण मोकळ्या जागेची शेवटची ओळ यायला वेळ लागतो, कारण 8088 ला तेव्हा सबंध फॅट (कोणते क्लस्टर मोकळे, याची नोंद) मोजावा लागतो. हा दोष कार्डाचा नाही.

एका गोष्टीत माझी एक संध्याकाळ गेली. फॉरमॅट व्यवस्थित झाला, फायली दिसत होत्या, पण यंत्र फ्लॉपीशिवाय सुरूच होईना. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या पहिल्या सेक्टरवर बूट-सेक्टरची खूण आधीच असल्याने पार्टिशने करणाऱ्या ‘एफडिस्क’ने तिथे बूट होण्याचा कोड लिहिलाच नव्हता. डॉस 6.22 च्या फ्लॉपीवरून ‘एफडिस्क /एमबीआर’ दिल्यावर यंत्र कॉम्पॅक्टफ्लॅशवरून सुरू झाले.