कुत्रं-मांजराच्या घरासाठी दाबून बसणारं सेफ्टी गेट: कोल्हापूरच्या चौकटीत कितपत चालतं

मांजर असलेल्या घरात कुत्रं आणायचं ठरलं की पट्टा, भांडं, गादी अशी खरेदी सुरू होते. त्या सगळ्याच्या आधी घ्यायची वस्तू म्हणजे दाराच्या चौकटीत बसणारं जाळीचं गेट. दुकानात ते लहान मुलांच्या सामानात मिळतं. इथं ज्या प्रकाराबद्दल लिहितोय तो साधा आहे: लोखंडी, पांढरा, भिंतीला भोक न पाडता चार बोल्टांच्या दाबावर उभा राहणारा. उंची सुमारे 30 इंच, रुंदी साडेएकोणतीस ते साडेबत्तीस इंच, दोन सळ्यांमध्ये दोन इंचांची फट.

निकाल आधी देतो. फ्लॅटमधल्या सरळ चौकटीत पिल्लासाठी किंवा मध्यम आकाराच्या शांत कुत्र्यासाठी हे गेट पैसे वसूल करून देतं. जुन्या पेठेतल्या घरात ते नीट बसत नाही. कारवान किंवा मुधोळ अशा उंच शिकारी जातीचं कुत्रं आणत असाल तर यावर पैसे घालू नका.

बसवताना हमखास एक घोळ होतो. खोक्यातून काढलं की गेटची कडी आणि खाच यांच्यात बोटभर तिरकी फट दिसते. माल वाकडा आला असं समजून बरेच जण तो परत करतात. माल वाकडा नसतो. चौकट इंग्रजी यू अक्षरासारखी, वरून उघडी असते. ती दारात उभी करून चारही बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळले की वरची दोन टोकं आत येतात आणि फट बंद होते. शेवटचं पक्कं करताना आधी खालचे दोन बोल्ट, मग वरचे. एकाच बाजूचे भरभर आवळले की गेट कलतं आणि कडी अर्धवट अडकते. वरून बंद दिसतं, पण कुत्र्यानं नाकानं ढकललं की उघडतं. म्हणून बसवून झाल्यावर खालच्या कोपऱ्याला गुडघ्यानं जोर देऊन बघा. कुत्रं जोर खालीच लावतं.

आता कोल्हापूरची घरं. राजारामपुरी, नागाळा पार्क, रुईकर कॉलनीतल्या सिमेंटच्या बांधकामात अडचण येत नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तीन गोष्टी आड येतात. पहिली उंबरा: गेटची खालची पट्टी सपाट जमिनीवर टेकायला हवी, उंबऱ्यावर ती अधांतरी राहते. दुसरी चौकटीवरची नक्षी: बोल्टाच्या टोकाची रबरी वाटी खोबणीत अर्धीच टेकते आणि दोन धक्क्यांत निसटते. तिथं वाटीमागं अर्ध्या इंची प्लायवुडचा तळहाताएवढा चौकोन चौकटीला स्क्रूनं मारून घ्यावा. तिसरी मातीची किंवा चुन्याची भिंत: तिच्यावर दाब दिला की पोपडे सुटतात, पावसाळ्यात ओल धरली की आणखीच. अशा भिंतीत दाबाचं गेट नकोच. एरवीही जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बोल्टांवर हात फिरवा. लाकूड फुगतं आणि आकसतं, बोल्ट आपोआप ढिले होतात.

आणखी एक खोट आहे, जिच्याबद्दल खोक्यावर काही छापलेलं नसतं: आवाज. गेट आपोआप मिटतं आणि मिटताना लोखंडावर लोखंड आपटून ठण्ण होतं. मांजराच्या दृष्टीनं हा आवाज आणि कुत्र्याचं येणं एकच होऊन बसतं, आणि चार दिवसांत ते त्या दाराकडे फिरकायचंच सोडतं. उपाय फुकटचा आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंच लांब तुकडा कापून खाचेच्या आतल्या कडेला चिकटवा. चिकटवल्यावर कडी पूर्ण खाली पडते ना, हे दहा वेळा उघडझाप करून पाहा. ट्यूब जाड असेल तर ती वरच अडकते.

गेटचा खरा उपयोग पहिल्या दिवशी नाही. पहिले तीन-चार दिवस मधलं दारच बंद हवं, कारण 30 इंच उडी हा मांजराच्या दृष्टीनं खेळ आहे. घाबरलेलं मांजर भलत्याच बाजूला उडी घेऊ शकतं. या दिवसांत काम चालतं वासावर. जुना मऊ पंचा मांजराच्या गालांवरून फिरवायचा आणि कुत्र्याच्या जेवणाच्या भांड्याखाली ठेवायचा. दुसरा पंचा कुत्र्याच्या पाठीवरून फिरवून मांजराच्या भांड्याजवळ. दोघांची भांडी बंद दाराच्या दोन बाजूंना, दारापासून सहा-सहा फुटांवर. दोघं निवांत खाताहेत असं दिसलं की पुढच्या खेपेला अर्धा फूट जवळ. एकानं जरी ताट अर्धवट टाकलं तरी पुन्हा एक फूट मागं.

भांडी दाराला टेकली की गेट बसवायचं आणि त्यावर जाडसर चादर कपड्यांच्या चिमट्यांनी लावायची. चादर खालून रोज चार बोटं वर घ्यायची. आधी दिसतात फक्त पाय, मग पोट, मग तोंडं. घाई होते ती नेमकी इथं. दोन दिवस बरे गेले की चादर काढून टाकली जाते, कुत्रं गेटवर झेपावतं आणि पंधरा दिवसांची मेहनत वाया जाते. या कामाला दोन आठवडे ते दोन महिने लागू शकतात. मांजर वयस्क असेल तर जास्तच धरा.

चादर पूर्ण वर गेल्यावरची उजळणी पाच-पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. कुत्र्याला आधी लांब फिरवून आणलेलं असावं. पट्टा सहा फुटी, गळ्यात नको, छातीच्या हार्नेसला. पट्टा हातात सैल ठेवायचा, कारण ताणलेला पट्टा कुत्र्याला चेव आणतो. खिशात उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, मीठ-मसाला न घातलेले. रश्शातले तुकडे देऊ नका. कांदा-लसूण दोघांच्याही रक्ताला घातक आहे, मांजराच्या तर फारच. कुत्र्यानं मांजराकडे पाहिलं की त्याचं नाव घ्या. ते तुमच्याकडे वळलं की तुकडा. शंभरेक वेळा हे झालं की मांजर दिसताच कुत्रं आपण होऊन मालकाकडे बघू लागतं. तोपर्यंत गेट उघडायचं नाही.

भुंकण्यापेक्षा धोक्याची असते शांतता. तोंड मिटलेलं, कान पुढे, अंग ताठ, एक पाय उचललेला, नाव घेतलं तरी कान हलत नाही: हे कुत्रं मांजराला शिकार म्हणून बघतंय. लगेच सहा-आठ फूट मागं न्या, जमलं नाही तर त्या दिवशीचं थांबवा. मांजर फिस्कारलं तर ते त्याचं सांगणं आहे, त्यासाठी त्याला दटावू नका. आणि मांजराला उचलून कुत्र्यासमोर धरणं अजिबात नको. पळायला वाट नाही म्हटल्यावर नखं धरणाऱ्याच्याच तोंडाला लागतात. ताणामुळं मांजरानं 24 तास काही खाल्लं नाही तर दवाखाना गाठा, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते. बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला.

आता उंची. लॅब्राडॉरचं पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं की 30 इंच सहज पार करू शकतं. कारवान तर खांद्याशीच 26-27 इंच असतो, आणि पळणारी वस्तू दिसली की सुटणं त्याच्या रक्तात आहे. ससा धरण्यासाठीच ही जात राखली गेली. त्याच्यापुढे हे गेट म्हणजे पायरी. एकावर एक दोन गेटं लावण्याचा जुगाडही धोक्याचा, वरचं गेट कुत्र्यासकट खाली येतं.

कोल्हापूरकरांना इथं चांगली सोय आहे. शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडून गेट करून घ्या. माप असं द्या: 30 बाय 54 इंच, 25 मिलिमीटर चौकोनी पाइपची चौकट, आत 10 मिलिमीटरच्या 11 उभ्या सळ्या, दोन इंचांची फट. आडव्या सळ्या नकोत, कुत्रं त्यावर शिडीसारखं चढतं. वजन साधारण 14 किलो होतं. दर किलोवर लावत असतील तर बिल आकड्याशी ताडून बघता येईल. बिजागऱ्या तीन, कडी वर आणि खाली. मांजरासाठी सात इंच चौरस खिडकी जमिनीपासून दहा इंचांवर ठेवा. कुत्रं लहान चणीचं असेल तर खिडकी नको, मांजराला वरून जाता यावं म्हणून दोन्ही बाजूंना उंच फळी लावा. घेताना प्रत्येक सांध्यावरून कापसाचा बोळा फिरवा. जिथं कापूस अडकतो तिथं वेल्डिंगचा मणी राहिलाय, तिथंच पंजा फाटतो. तो कानशीनं घासून घ्या. रंग दिल्यावर गेट आठवडाभर परड्यात उभं ठेवा, ऑइल पेंटचा वास असेपर्यंत मांजर त्या खिडकीत तोंड घालत नाही.

दाबाच्या गेटची तुलना पिंजऱ्याशीही होते. कुत्र्याला झोपायला पिंजरा चांगला, ओळखीसाठी नाही. आत कोंडलेलं कुत्रं आणि भोवती मोकळं फिरणारं मांजर, यातून कुत्र्याची चिडचिडच वाढते.

दोन गोष्टी गेट अडवू शकत नाही. एक रोगाची लागण: चादर उचलायच्या आधी रेबीजसह सगळ्या लसी आणि जंताचं औषध दोन्ही बाजूंना झालेलं हवं. दुसरी गोचिडाचं औषध. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही. थरथर, झटके, वेळेत उपचार नाही मिळाले तर मृत्यू. मांजर सळ्यांतून कुत्र्याला अंग घासतं, मग तेच अंग चाटतं. औषध घेताना घरात मांजर आहे हे डॉक्टरांना आधी सांगा आणि बाटलीवरचं नाव स्वतः वाचा.

ओळख जमल्यावर पुष्कळ जण गेट माळ्यावर टाकतात. टाकू नका, जागा बदला. मांजराचा मातीचा ट्रे आणि खाणं ज्या खोलीत आहे तिथं ते लावा. ट्रेमधली घाण खायला कुत्र्यांना आवडते, आणि मांजराचं तेलकट खाणं रोज मिळालं की कुत्र्याचं पोट बिघडतं. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवायचा. दाबाचं गेट या कामाला जमिनीपासून पाच इंच वर बसवलं तरी चालतं, मांजर खालून जातं आणि मोठं कुत्रं बाहेर राहतं. फक्त तेव्हा खालची पट्टी टेकलेली नसते, म्हणून चारही वाट्यांमागं प्लायवुडचे चौकोन हवेतच.