सात महिने, चार स्पॅनिश कादंबऱ्या

जादुई वास्तववादासाठी गाजलेल्या गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या पिढीनंतर स्पॅनिशमध्ये काय लिहिले गेले, हे पाहावे म्हणून गेल्या जूनपासून मी रोज रात्री तासभर इंग्रजी अनुवाद वाचत आलो आणि सात महिन्यांत चार कादंबऱ्या संपवल्या. स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना आणि चिले या चार देशांतल्या या पुस्तकांत आकाशात उडणारी माणसे नाहीत. शेजाऱ्यांना सगळे ठाऊक असते आणि तरीही कोणी अवाक्षर काढत नाही, अशा वस्त्या मात्र चारही ठिकाणी आहेत.

सर्वाधिक काळ, जवळजवळ दोन महिने, फर्नांदो आरांबुरू यांच्या ‘पात्रिया’ने (२०१६) घेतला. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या एका गावात मालवाहतुकीचा धंदा करणाऱ्या चातोकडे एटा ही स्वतंत्र बास्क देशासाठी लढणारी सशस्त्र संघटना पत्राने खंडणी मागते. मागणी वाढत जाते, भिंतींवर त्याच्या नावाने शिव्या रंगवल्या जातात आणि ज्यांच्यासोबत तो वर्षानुवर्षे सायकल चालवत आणि पत्ते खेळत आला, ती माणसे ओळख दाखवीनाशी होतात. त्याला गोळी लागते ती त्यानंतर. गावाने त्याला आधीच वाळीत टाकलेले असते. एटाने ऑक्टोबर २०११ मध्ये सशस्त्र कारवाया थांबवल्याचे जाहीर केल्यावर त्याची विधवा बित्तोरी गावातल्या बंद घरी परतते. एटाचा सदस्य म्हणून तुरुंगात असलेला होशे मारी हा तिच्या एकेकाळच्या जिवलग मैत्रिणीचा, मिरेनचा, मुलगा. त्याने एकदा क्षमा मागावी, एवढेच तिला हवे असते. सव्वाशे छोटी प्रकरणे काळात मागेपुढे उड्या मारतात, त्यामुळे पहिली पन्नास पाने मी दोनदा वाचली. पुढे मात्र पुस्तक हातातून सुटले नाही. पात्रे आईवडिलांना ‘आमा’ आणि ‘आयता’ म्हणतात, म्हणजे स्पॅनिश कादंबरीतल्या या घरांची भाषा स्पॅनिश नाही, बास्क आहे, आणि सगळ्या वादाचे मूळ या दोन शब्दांतच दिसते. होशे मारीला लेखकाने खलपुरुष केलेले नाही, पण निर्दोषही ठरवलेले नाही, हे मला विशेष वाटते.

फर्नांदा मेल्चोर यांची ‘तेंपोरादा दे उराकानेस’ (म्हणजे ‘चक्रीवादळांचा हंगाम’, २०१७) मी दोनदा अर्धवट सोडली. मेक्सिकोतल्या वेराक्रूस राज्याच्या ऊसपट्ट्यात कालव्यात एक प्रेत सापडते, आणि पुढची प्रकरणे परिच्छेद न बदलता, श्वास घेऊ न देता, त्या खुनाभोवतीच्या माणसांच्या डोक्यात नेतात. महामार्ग, तेल कंपनीतल्या नोकरीची आशा, दारू आणि बाईवरचा राग यांनी भरलेले हे जग शिवराळ भाषेत येते, आणि ती भाषा सौम्य केली असती तर पुस्तक खोटे झाले असते. झोपण्यापूर्वी वाचण्याचे हे पुस्तक नाही. तिसऱ्या प्रयत्नात मी ते सुट्टीच्या दिवशी सकाळी वाचले.

सामांता श्वेब्लिन यांची छोटी कादंबरी ‘दिस्तान्सिया दे रेस्काते’ (२०१४) एका बैठकीत संपते. अर्जेंटिनात १९९६ मध्ये तणनाशक सहन करणाऱ्या जनुकबदल सोयाबीनला परवानगी मिळाली आणि त्याचे पीक अफाट पसरले. कादंबरीत सोयाबीनच्या शेतांमधले पाणी लेकरांना बाधते, पण विषाचे नाव कोणी घेत नाही. मूळ शीर्षकाचा अर्थ ‘वाचवता येईल इतके अंतर’. मूल किती दूर असले तर आपण धावत जाऊन त्याला वाचवू शकू, याचा आई क्षणोक्षणी करत असलेला हिशेब. इंग्रजी प्रकाशकाने त्याऐवजी ‘फीवर ड्रीम’ हे तापातल्या भ्रमाचे शीर्षक दिले, आणि पुस्तकाचा कणाच मुखपृष्ठावरून काढून टाकला, अशी माझी तक्रार आहे.

आलेहांद्रो सांब्रा यांची ‘फोर्मास दे वोल्वेर आ कासा’ (म्हणजे ‘घरी परतण्याच्या वाटा’) ही कादंबरी १९८५ च्या भूकंपाच्या रात्री, लष्करी हुकूमशहा पिनोचेतच्या राजवटीतल्या चिलेत सुरू होते. त्या काळात आईवडील गप्प का राहिले, हा मोठा झालेल्या मुलाचा प्रश्न खरा आहे. लेखक स्वतःच्या लेखनाविषयीच बोलू लागतो तेव्हा मात्र माझे लक्ष उडाले.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने श्वेब्लिन आधी वाचावी आणि ‘पात्रिया’साठी लांब सुट्टी राखून ठेवावी. मेल्चोर यांचे पुस्तक मी एका मित्राला दिले होते. त्याने चाळीस पानांनंतर परत केले, आणि मी त्याला दोष देत नाही.