स्पर्मिडीनच्या कॅप्सूल: शास्त्र आशादायक, मात्रा अपुरी

वाढत्या वयात मेंदू आणि पेशी निरोगी राहाव्यात म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकांमध्ये स्पर्मिडीन या पेशींमध्ये आढळणाऱ्या नैसर्गिक रेणूच्या कॅप्सूलचे नाव हल्ली वारंवार ऐकू येते. त्यांपैकी एका उत्पादनाची बाटली मी पूर्ण वापरली, लेबलवरचा सगळा मजकूर वाचला आणि ज्या संशोधनाच्या आधारावर ती विकली जाते ते संशोधनही तपासून पाहिले. या पदार्थाबद्दल मला मनापासून कुतूहल आहे. तरीही केवळ स्मरणशक्तीसाठी ही कॅप्सूल विकत घ्यावी, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

कॅप्सूल गव्हाच्या दाण्यातील अंकुराच्या अर्काची आहे, गव्हाच्या हिरव्या गवताची नव्हे. ती उघडून पाहिली तर आत फिकट पिवळसर पूड दिसते. तिला कच्च्या पिठासारखा वास असून चव किंचित कडवट आहे. गिळायला काहीच त्रास होत नाही आणि मला पोटाचीही तक्रार जाणवली नाही. खटकली ती लेबलची मांडणी. अर्काचे एकूण वजन दर्शनी भागावर ठळक छापलेले असते, तर त्यातले स्पर्मिडीन जेमतेम १ मिलिग्रॅम असल्याची माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडते. ग्राहकाच्या दृष्टीने हा दुसरा आकडाच महत्त्वाचा आहे.

स्पर्मिडीन आपल्या पेशी स्वतः तयार करतात, आतड्यांतील जीवाणूही ते बनवतात आणि उरलेले अन्नातून येते. वय वाढते तसे अनेक ऊतींमधील त्याचे प्रमाण घटते. त्याचे महत्त्व मुख्यतः ऑटोफॅजीमुळे आहे, म्हणजे खराब झालेली प्रथिने आणि निकामी मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) पेशीने स्वतःच मोडून त्यांतले घटक पुन्हा वापरात आणण्याच्या प्रक्रियेमुळे. या प्रक्रियेची जनुके शोधल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात, विभाजन होऊन त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. त्यामुळे आत साठलेला कचरा वेळीच निघाला नाही तर त्याचा भार त्यांना शेवटपर्यंत वाहावा लागतो. ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात फ्रँक माडेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की स्पर्मिडीन दिल्यास यीस्ट, फळमाश्या आणि सूत्रकृमी अधिक काळ जगतात आणि त्यामागे ऑटोफॅजीला मिळालेली चालना असते. पुढे २०१३ मध्ये वयस्क फळमाश्यांची वासाशी निगडित स्मृती स्पर्मिडीनयुक्त आहारामुळे टिकून राहिल्याचे आढळले, तर २०१६ मध्ये पिण्याच्या पाण्यातून ते मिळालेल्या उंदरांचे हृदय आणि आयुर्मान दोन्ही सुधारल्याचे दिसले. इतक्या भिन्न सजीवांमध्ये एकाच दिशेचे निष्कर्ष मिळणे ही फार मोलाची गोष्ट आहे.

माणसांतील पुरावा मात्र इतका स्पष्ट नाही. इटलीतील ब्रुनिको येथे ८२९ लोकांच्या आहाराची नोंद ठेवून सुमारे वीस वर्षे त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. ज्यांच्या अन्नात स्पर्मिडीन अधिक होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. परंतु असा आहार घेणारी माणसे एरवीही आरोग्याची काळजी घेणारी असू शकतात, त्यामुळे श्रेय एकट्या स्पर्मिडीनला देता येत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात आधी ३० वयस्करांवर तीन महिन्यांची छोटी चाचणी झाली आणि तिच्यात स्मृतीला थोडा लाभ होत असल्याची चिन्हे दिसली. त्यानंतर १०० जणांना बारा महिने रोज ०.९ मिलिग्रॅम स्पर्मिडीन असलेला अर्क किंवा तसाच दिसणारा निष्क्रिय पदार्थ देण्यात आला. या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि स्मृतीच्या मुख्य कसोटीवर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. मी वापरलेल्या कॅप्सूलमधील मात्रा जवळपास तेवढीच आहे, म्हणूनच हा निकाल मला निर्णायक वाटतो. माझ्या स्मरणशक्तीत फरक पडला का, याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, पण एका माणसाच्या अनुभवाला या चाचणीपुढे फारसे वजन नाही.

मात्रेचा हिशेब तपासला तर हा निकाल आश्चर्याचा वाटत नाही. सर्वसाधारण मिश्र आहारातून रोज साधारण १० मिलिग्रॅमच्या आसपास स्पर्मिडीन मिळते, म्हणजे कॅप्सूलने त्यात एखाद्या दशांशाचीच भर पडते. शिवाय २०२३ मधील एका छोट्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना रोज १५ मिलिग्रॅम दिल्यावरही रक्तातील स्पर्मिडीन वाढले नाही. वाढले ते स्पर्मीन हे त्याचे पुढचे रूप. याउलट गव्हाचा अंकुर, सोयाबीन, मशरूम, वाटाणे आणि मुरवलेले चीज यांतून स्पर्मिडीन सहज मिळते, आणि सोबत तंतू व प्रथिनेही मिळतात. १०० ग्रॅम गव्हाच्या अंकुरात २० मिलिग्रॅमहून अधिक स्पर्मिडीन असू शकते, तेव्हा एका कॅप्सूलइतकी मात्रा चमचा-दोन चमच्यांत येते. त्यातील तेलामुळे अंकुर लवकर खवट होतो, एवढे लक्षात ठेवून तो थंड जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

युरोपीय संघाने अशा अर्काला परवानगी देताना दिवसाला ६ मिलिग्रॅम स्पर्मिडीनची मर्यादा घातली असून गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना त्यातून वगळले आहे. सिलिअ‍ॅक आजार (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्यांना इजा होणारा) असलेल्यांनी गव्हापासून बनलेले हे उत्पादन टाळावे. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी तर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय याला हातच लावू नये, कारण पेशींच्या वाढीला स्पर्मिडीनसारखी पॉलिअमाइन्स लागतात आणि काही उपचारांत त्यांची निर्मिती मुद्दाम रोखली जाते. माझ्या बाटलीवर यातली गव्हाची सूचना तेवढी होती, कर्करोगाचा उल्लेखही नव्हता.

विसरभोळेपणा नव्याने जाणवू लागला म्हणून कोणी ही कॅप्सूल घेण्याच्या विचारात असेल, तर त्याने आधी ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी आणि झोप व ऐकू येण्याबद्दलही त्यांच्याशी बोलावे. यांपैकी बरीच कारणे उपचाराने दूर होतात, आणि बाटली संपेपर्यंत वाट पाहिली तर त्या उपचाराला तेवढे महिने उशीर होतो.