तापाच्या दिवशीही ८० टक्के यश: ऑटिझम थेरपीच्या नावाखाली आम्ही कसे फसलो

हे लिहायला मला आठ महिने लागले. राग होता, त्याहून जास्त लाज वाटत होती. पण परवा ओळखीच्या एका आईचा फोन आला. "सहा महिन्यांचं पॅकेज एकदम भरलं तर सवलत देतायत, घेऊन टाकू का?" तेव्हा मला राहवलं नाही.

आमच्या लेकाला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा तो सव्वाचार वर्षांचा होता. बोलणं जवळजवळ नाहीच. काही हवं असलं की आमचा हात धरून तिकडे ओढायचा. डॉक्टरांनी स्पीच थेरपीसोबत बिहेवियर थेरपी सुचवली, म्हणून आम्ही त्या सेंटरमध्ये गेलो. इतके दिवस सगळीकडून नुसते प्रश्नच ऐकत होतो. तिथे पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, "काळजी करू नका, होईल सगळं नीट." आम्ही दोघंही तिथेच रडलो. त्या रडण्याचा त्यांनी किती अचूक उपयोग करून घेतला हे आता कळतंय.

तिथल्या मॅडमनी लॅपटॉपवर १९८७ सालचा मानसशास्त्रज्ञ इवार लोव्हास यांचा अभ्यास दाखवला. १९ मुलांना आठवड्याला ४० तास एबीए थेरपी, म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या छोट्या पायऱ्या करून, जमलं की शाबासकी देत शिकवायची बिहेवियर थेरपी दिली आणि त्यातली ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली. "तुमच्या बाळाचंही हेच होणार. वर्षभरात नॉर्मल शाळा, आमची गॅरंटी. फक्त उशीर करू नका, पाच वर्षांनंतर मेंदू शिकत नाही." त्याच आठवड्यात आम्ही सहा महिन्यांचे पैसे भरून मोकळे झालो.

अभ्यास खराच आहे. मी तो नंतर मुळातून वाचला, आणि त्यांनी काय काय गाळलं ते दिसलं. ती मुलं सुरुवातीला आमच्या लेकापेक्षा लहान होती. कोणतं मूल थेरपीच्या गटात जाणार आणि कोणतं तुलनेच्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. चुकीच्या वागण्याला जोरात 'नाही' म्हणून ओरडणं आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणं हाही त्या पद्धतीचा भाग होता, त्यावर पुढे कडाडून टीका झाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या मुलांच्या आईवडिलांना ही पद्धत नीट शिकवली होती, मूल जागं असेल तेवढा वेळ ती घरीही चालावी म्हणून. ज्या अभ्यासाच्या नावावर आमच्याकडून पैसे घेतले, तो आईवडिलांच्या जिवावर उभा होता. आम्हाला मात्र दाराच्या आत पाऊल टाकू दिलं नाही.

"तुम्ही दिसलात की त्याचं लक्ष उडतं," एवढंच कारण सांगायचे. पहिले चार दिवस ते पटण्यासारखंही होतं. पण पाच महिने? खोलीला काचेची खिडकी नाही, कॅमेरा नाही. बाहेरच्या बाकावर बसून मला फक्त त्याचं रडणं ऐकू यायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "रडणं हा थेरपीचाच भाग आहे."

दुसऱ्या महिन्यापासून लेक सेंटरला जायच्या वेळी बूट लपवायला लागला. पलंगाखाली, कपाटामागे, एकदा तर थेट कचऱ्याच्या डब्यात. ज्याला शब्द नाहीत तो आणखी कसं सांगणार होता? मी ते ऐकलं नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आनंद झाला की तो दोन्ही हात फडफडवतो. ते हात टेबलावर दाबून धरायचे आणि 'हात शांत' म्हणायचे, हे मला फार उशिरा कळलं. ऑटिझम असलेली मोठी माणसं याबद्दल किती वर्षं सांगतायत, की हे फडफडणं आम्हाला सावरतं, ते दाबलं की आतून त्रास होतो. त्याच्या उद्दिष्टांच्या यादीत 'पाच सेकंद डोळ्यांत बघणे' होतं. 'शू लागली हे सांगणे' नव्हतं.

रिपोर्ट मात्र झकास. रंगीत आलेख, रेघ सतत वर जाणारी. 'रंग ओळखणे: ८५ टक्के'. घरी लाल चेंडू दे म्हटलं तर ढिम्म. त्यावर म्हणायचे, "इथे करतो ना, घरी तुम्ही लाड करता." खरं तर एखादी गोष्ट दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसासोबत, दुसऱ्या वस्तूवर जमेपर्यंत ती आली असं चांगला थेरपिस्ट मानतच नाही.

मग एका डॉक्टरांनी आलेखामागच्या मूळ डेटा शीट मागितल्या. सेंटरने आठवडाभर टाळाटाळ केली. शेवटी रिसेप्शनवर आलेल्या एका नव्या मुलीने अख्खी फाइलच माझ्या हातात दिली.

शीटवर प्रत्येक उद्दिष्टापुढे दहा चौकोन असतात. मुलाने स्वतःहून केलं तर अधिक, चुकलं तर उणे, मदत लागली तर तशी वेगळी खूण. आमच्या फाइलमधली महिन्याभराची पानं एकाच निळ्या पेनने, एका बैठकीत भरलेली दिसत होती. प्रत्येक पानावर आठ अधिक, दोन उणे. आणि उणे कायम तिसऱ्या आणि सातव्या चौकोनात. रंग असोत, नक्कल असो, बसणं असो, माझं मूल रोज नेमकं तिसऱ्या आणि सातव्या वेळीच चुकत होतं! मदतीची खूण एकाही पानावर नाही. ज्या दोन दिवशी तो १०२ तापाने घरी माझ्या मांडीवर होता, त्या दिवसांचीही पानं होती. चार-चार तासांचं सेशन, ८० टक्के यश. खाली माझी सही. कारण "महिन्याची एकदम करून टाका" म्हटल्यावर हजेरीच्या कागदावर मी आधीच सह्या करून ठेवत होते.

आत थेरपी देणाऱ्या मुलीवर माझा राग नाही. पाच महिन्यांत तिथे तीन जणी बदलल्या. शेवटची मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "मला दोन दिवस दुसरीचं बघायला बसवलं आणि तिसऱ्या दिवसापासून मुलं दिली हो, ताई." अमेरिकेतल्या बीएसीबी या प्रमाणपत्र मंडळाच्या नियमानुसार अगदी खालच्या पायरीवरच्या आरबीटीला, म्हणजे मुलासोबत प्रत्यक्ष बसणाऱ्या मदतनीसालाही, ४० तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि तिच्या कामाच्या किमान ५ टक्के तासांवर वरिष्ठांची देखरेख लागते. आमच्या कागदांवर बीसीबीए, म्हणजे याच मंडळाचं वरच्या पायरीचं प्रमाणपत्र असलेले तज्ज्ञ, म्हणून ज्यांचं नाव छापलं होतं, त्यांना आम्ही एकदाही पाहिलं नाही. मंडळाची यादी कुणालाही ऑनलाइन बघता येते. त्यात ते नाव नव्हतं. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट एका कार्यशाळेला हजर राहिल्याचं होतं.

त्या फोनवरच्या आईला मी सांगितलं, पैसे महिन्याचे महिन्यालाच दे. सही सेशन संपल्यावर, त्याच दिवसाची. आत बसू द्या म्हण, आणि नाही म्हणाले तर तिथूनच परत ये. आलेख नको, शीट माग, आणि त्यात उणे शोध. गॅरंटी हा शब्द कानावर पडला की उठ, कारण ऑटिझममध्ये कुठलाही प्रामाणिक माणूस ती देऊ शकत नाही. आणि पाच वर्षांची भीती घालू देऊ नकोस. लवकर सुरू केलेलं चांगलंच, पण मुलं त्यानंतरही शिकतात. माझं शिकतंय.

आता ज्या बाई येतात, त्या जमिनीवर बसतात आणि मला शेजारी बसवतात. पहिले तीन आठवडे तर त्या नुसत्या त्याच्याशी खेळल्या. गेल्या मंगळवारच्या पानावर दहापैकी सहा उणे आहेत, तीन ठिकाणी मदतीची खूण, आणि एक अधिक. तो अधिक चित्राच्या कार्डाचा आहे. पाणी हवं होतं तेव्हा त्याने माझा हात ओढला नाही, कार्ड आणून दिलं.

सेंटरकडून पैसे अजून परत आलेले नाहीत. लेखी तक्रार दिली आहे. सोबत त्या दोन दिवसांच्या शीट आणि त्याच तारखांची डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे.