उतारावर जुना छोटा ट्रॅक्टर: टायरात पाणी, बीडाची वजनं की चाकं रुंद?

जुना आयशर २४१ किंवा तसलाच २५ एचपीचा गडी नाशिकच्या पेठ-त्र्यंबककडच्या वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीत, नागलीच्या उतारावर घालणार असाल तर तो कलंडू नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न येणारच. निफाडच्या सपाटीला एवढा विचार करायची गरज नाही.

पाणी सगळ्यात स्वस्त. वॉल्व वरच्या बाजूला घ्यायचा, पाऊण टायर भरायचं, १२.४-२८ च्या टायरात दीडशे लिटर आरामात बसतं, म्हणजे एका चाकाला तेवढेच किलो आणि बरंचसं एक्सलच्या खाली. थंड देशांत गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळतात न मग रिम गंजतात, आपल्याकडं साधं पाणी चालतं. ऐकायला एकदम बेस्ट.

पण पंक्चर झालं की काय? बाभळीचा काटा घुसला की आधी सगळं पाणी सोडा, तसंच चाक काढायचं तर चार माणसं बोलवा, पंक्चरवाला लांबूनच बघून तोंड वाकडं करतो, आणि हे सगळं उरकल्यावर परत भरायला पाणी आणायचं कुठून? एप्रिल-मेत, नांगरटीच्या ऐन टायमाला, तिकडच्या पाड्यांवर प्यायला टँकर येतो, तिथं टायरसाठी पाणी कोणाला मागणार, लाज वाटते राव. माझं मन तिथंच उडालं.

चाकांना लावायच्या बीडाच्या वजनांना ही भानगड नाही. पण जुन्या मॉडेलची मिळाली तरी भोकं जुळतील असं नाही, आणि माझ्या मते ओढीला जेवढा फरक पडतो तेवढा तोलाला पडत नाही.

मी शेवटी मागच्या डिस्क (चाकाच्या मधल्या तबकड्या) उलट्या करून चाकं बाहेर घेतली. खर्च फक्त मजुरीचा. डिस्क उलटताना चाक फिरवलं असेल तर डावं उजवीकडं टाका, नाहीतर टायरच्या गोट्या (तिरपी जाड नक्षी) उलट्या दिशेला येतात. पुढची रुंद करून फार उपयोग नाही, पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो, तोल मागच्यावरच. उतारावर आडवं चालवताना आधी सीटवरून सुटेन अशी भीती वाटायची, ती आता वाटत नाही, तरी ट्रॅक्टर शक्यतो उताराला उभाच चालवतो.

हां, बेअरिंगवर लोड वाढतो थोडा, आणि तोच ट्रॅक्टर द्राक्षबागेतही घालायचा असेल तर रुंदी नडेल, त्यांनी वजनंच बघावीत. बाकी कोणी चाकं रुंद केलीच तर थोडं काम झाल्यावर नट परत आवळा, सैल पडतात.